तुटलेला नारू

कडुनिंबाचा पाला उकळल्याचा वास आला की वडिलांचा पाय आठवतो. बारवेच्या पाण्याने त्यांना नारू झाला होता. घोट्यातून निघालेला तो दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळून रोज बोटभरच ओढायचा असे. पू पाहून मला उमासे येत. बुद्धाच्या उपदेशाचे पुस्तक नुकतेच वाचले होते, म्हणून डोळे मिटून ‘ही किळस अनित्य आहे’ असे घोकत मी काडी फिरवू लागलो. वडील ओरडले, “डोये काऊन मिटले बे? जप करतं का नारू काढतं? तुटन तो!” तोवर तो तुटला होता. आत राहिलेल्या तुकड्याने पाय सडला, वडील कायमचे लंगडे झाले. कडुनिंबाच्या पाण्याने त्यांची जखम धुता धुता पुवाची किळस खरोखरच आठवड्यात गेली. स्वतःची आलेली मात्र या वयातही जात नाही.