आमोसला रडू येत नव्हतं

एस्तेरचं दुखणं सगळ्या गावाने पाहिलं होतं. धाकटी कृपा झाली तेव्हाची गोष्ट. बाळ शेजारी रडून लाल व्हायचं आणि एस्तेर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. डोळ्यांतून पाणी आपलं वाहतंय, का ते तिचं तिलाच सांगता यायचं नाही. आपण वाईट आई आहोत, आपल्या पापाची शिक्षा या लेकराला भोगावी लागणार, एवढंच डोक्यात. चर्चच्या मंडळीतल्या बाया आळीपाळीने येऊन बसल्या. कुणी केस विंचरले, कुणी घास भरवला, शेजारच्या रतनबाईंनी तर बाळाला आपल्याच घरी नेलं. दर गुरुवारी नाशिकहून मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाई कोपरगावला येतात, त्यांच्याकडे आमोस स्वतः बायकोला घेऊन जायचा. प्रार्थना झाल्या, गोळ्याही झाल्या, आणि देवाने दोन्हींतून तिला उभं केलं.

त्यामुळे झालं असं, की हे दुखणं कसं दिसतं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे, असं एस्तेर धरून चालली. घोटाळा तिथेच झाला.

आमोस म्हणजे जळालेल्या मोटारी भरून देणारा माणूस. कोपरगावच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की ऊसवाले ती त्याच्यापुढे आणून टाकायचे. हा ती उघडणार, करपलेली तार उपसून काढणार, नवी तांब्याची तार शांतपणे वेढे देत बसवणार. पाण्याची पाळी हुकल्याने गिऱ्हाईक डोक्यावर उभं राहून आरडाओरडा करायचं, तर हा म्हणायचा, "मोटार थंड झाली मालक, तुमीच तापलाय." रविवारी चर्चमध्ये ढोलकी त्याचीच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याच्या चेष्टा बंद झाल्या. पुढे राग आला. भाकरीला डाग पडला म्हणून ताट भिरकावलं. एका गिऱ्हाइकाच्या मोटारीला लाथ घातली, पायाला लागलं, त्याचा राग पुन्हा घरावर. पाठ दुखते म्हणायचा, डोकं दुखतं म्हणायचा, सारखा बाम चोळायचा. उजाडायच्या आत दुकानात जायचा तो दिवे लागल्यावर यायचा, आणि गाडी अशी हाकायचा की रस्त्याकडेच्या बाया पदर सावरत बाजूला व्हायच्या.

एस्तेर त्याच्याकडे आपल्या दुखण्याच्या मापाने बघत होती. रडतो का? नाही. जेवत नाही का? दोन भाकरी खातो. अंथरूण धरलंय का? टेकत म्हणून नाही. म्हणजे आजार नव्हे, हा स्वभाव बिघडला. एकदा ती बोलूनही गेली, "माझ्यासारखं पडून राहिला असता तर डॉक्टरकडं नेलं असतं. तुमचा नुसता माज हाय." आमोसने तिच्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि निघून गेला.

त्यांच्या मंडळीत बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते. डोळे मिटण्याआधी ज्याने त्याने आपापला प्रार्थनेचा विषय सांगायचा, अशी रीत. बाया आपलं सगळं सांगतात, गुडघ्यापासून सुनेपर्यंत. पुरुष पावसाचं सांगतात, नोकरीचं सांगतात, नाहीतर नुसते आभार मानतात. एस्तेरने सरळ सांगितलं, की आमच्या घरातल्या माणसाच्या रागासाठी प्रार्थना करा. सगळ्यांनी केली. रागाच्या आत्म्याला पळवून लावलं. तो माणूस तिथेच, सतरंजीवर मान खाली घालून बसलेला. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, माझं काही न्हाई, बाकीच्यांसाठी करा.

आणि मग कापणीच्या सणाच्या आठवड्यात राग गेला. एकाएकी गेला. आमोस हळू बोलायला लागला, कृपाला मांडीवर घेऊन बसला, एस्तेरला म्हणाला, तू लई केलंस माझ्यासाठी. ती मनोमन गुडघे टेकून राहिली.

कापणीच्या सणाला जो तो आपल्या पिकातलं पहिलं देवापुढे आणतो आणि उपासना झाल्यावर अंगणात त्याचा लिलाव होतो. कुणी उसाची मोळी आणली होती, कुणी भोपळे, रतनबाईंनी तलंग कोंबडी. आमोसने आणली आपली ढोलकी आणि अवजारांची पेटी. पकडी, पाने, तार गुंडाळायचं हातमशीन, सगळं पुसून लखलखीत केलेलं. पाळकसाहेबांना गहिवरून आलं. ते म्हणाले, आमोसभाऊंनी आपलं सर्वांत मोलाचं ते देवाला दिलं, त्यांचा पालट झाला, पुढच्या रविवारी देवाने काय केलं त्याची ते सगळ्यांपुढे साक्ष देतील. टाळ्या झाल्या. रतनबाईंनी एस्तेरचा हात दाबला. "ऐकलं बघ पोरी देवानं तुझं."

एस्तेरही हसली. लिलाव पुकारणाऱ्या जस्टिनभाऊंनी पेटी उचलली, तेवढ्यात तिच्या मनात आलं, की सोमवारी हे दुकानात कशाने काम करणार?

 आणि तिला तिची ती सकाळ आठवली. दुखण्यात एके दिवशी ती आपण होऊन उठली होती, तोंड धुतलं होतं, रडणं थांबलं होतं, आणि पेटीतल्या साड्या काढून तिने वाटून टाकल्या होत्या. लग्नातली नणंदेला दिली. घरात त्या दिवशी आनंदीआनंद, एस्तेर बरी झाली. आपल्याला इतकं हलकं का वाटतंय ते एकट्या एस्तेरला माहीत होतं. नणंदेचा पाय त्या दिवशी घरातून निघाला नाही म्हणून ती वाचली. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं, प्रार्थनेतसुद्धा नाही.

ती पुढे गेली आणि पेटीची कडी धरली.

"हे विकायचं न्हाई, भाऊ."

"अगं, देवाला दिलेलं परत घेतेस?"

"देवाशी मी बघते."

मागे कुजबूज झाली. तिने आमोसला चर्चच्या मागे नेलं, लिंबाखाली, आणि पुढ्यात उभं राहून विचारलं.

"अहो, जिवाचं काही बरंवाईट करायचं ठरवलंय का तुम्ही?"

तो रागावला नाही. 

"तुला कोनी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मीपन तेव्हा साड्या वाटल्या हुत्या."

तो तसाच मातीत खाली बसला.

"मी लई वाट बघितली गं रडू यायची. तुझ्यावानी रडू आलं असतं तर म्हनलो असतो, मला बी तेच झालंय. पन येतच न्हाई. नुसती आग हुती. तू म्हनलीस माज हाय. मला बी वाटलं, माजच असंल."

 एस्तेर त्याच्याजवळ बसली आणि त्याचा हात तिने सोडला नाही. डॉक्टरीणबाईंना तिथूनच फोन लावला. त्या म्हणाल्या, गुरुवारची वाट बघू नका, आत्ता नाशिकला आणा आणि घटकाभरही एकटं सोडू नका. जस्टिनभाऊंनी भोपळे खाली उतरवले आणि टेम्पो काढला.

बाईंनी आमोसला दवाखान्यात ठेवून घेतलं. एस्तेरला त्यांनी समजावलं, की आजार तोच. बायांचा बहुतेक वेळा रडण्यातून, स्वतःला दोष देण्यातून बाहेर येतो, म्हणून तो घराला दिसतो. पुष्कळ पुरुषांचा रागातून येतो, अंगदुखीतून, दारूतून, ऊर फुटेस्तोवर केलेल्या कामातून. मग घर त्याच्याशी भांडतं, औषध देत नाही. पुरुष स्वतःही उशिरा येतात, पुष्कळ जण येतच नाहीत. असं सगळ्यांचंच असतं असंही नाही, रडणारे पुरुषही असतात आणि पेटलेल्या बायाही. दाराशी टोपी हातात घेऊन उभे असलेले जस्टिनभाऊ हे सगळं ऐकत होते.

आमोस घरी आला, पण बरा होऊन नव्हे. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, हात जड व्हायचे. पाळकसाहेब साक्षीचं विचारायला आले तेव्हा एस्तेरने सांगितलं, साक्ष वगैरे काही नाही साहेब, ते आजारी आहेत. बिचारे ओशाळले. मग म्हणाले, तुझ्या वेळी बाया बसायला यायच्या, तसे आता पुरुष पाठवतो.

पुरुष आले खरे, पण बसायचं कसं ते त्यांना येईना. एकाने पेपर वाचला, एकाने उसाच्या तोडीचा विषय काढला, तिसरा मोबाईल बघत राहिला. चहा प्यायले आणि गेले. एकावर तर आमोस खेकसलाही. जस्टिनभाऊ तेवढे येत राहिले. ओट्यावर बसायचे, बोलायचं काही नाही, अंधार पडला की उठायचे.

एका संध्याकाळी त्यांनी जमिनीकडे बघतच विचारलं, "आमोस, तुला झोप लागायची का रं त्या टायमाला?"

"न्हाई."

"मला बी न्हाई लागत. तुझी काकू गेल्यापासून. पोरं म्हनत्यात म्हातारा चिडखोर झाला. काल नातवावर हात उचलला मी."

एस्तेर चहा घेऊन येत होती, ती उंबऱ्यातच थांबली. 

"परवा गुरुवार हाय," आमोस म्हणाला. "मला कोपरगावला दाखवायला जायचंय. यष्टीनं जाऊ संगंच."

"तिथं वळखीची मानसं बघत्याल."

"बघू द्या. मी बी बसतोच की तिथं बाकावर."

जस्टिनभाऊंनी टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली, गुडघ्यावर ठेवली.

"यष्टी कितीला हाय?" त्यांनी विचारलं.