ओल्या फरशीची वाट

इथे बहरीनमध्ये, अदलियातल्या कॅफेसमोर कोणी तापलेल्या फरशीवर पाणी मारलं, की त्या वासाने मला मुहर्रकमधली एक छोटी मशीद आठवते, मोती काढणाऱ्या खलाशांनी बांधलेली. लहानपणी शाळेसाठी जुन्या इमारतीचं चित्र काढायचं होतं. विहारात जाताना काढतो तशा आईने आणि मी चपला रस्त्यावरच्या दाराशीच काढल्या. आतलं अंगण तव्यासारखं तापलं होतं. पलीकडे कमानींची सावली दिसत होती, पण पाय भाजतात हे सांगायचीही मला लाज वाटली. चित्र राहू दे म्हणून मी आईचा हात मागे ओढला. तेवढ्यात मशीद सांभाळणारे म्हातारे गृहस्थ हसले, “अरे बेटी, चप्पल उधर छाँव में निकालने का!” आणि बादली घेऊन ते थेट कमानींपर्यंत पाणी ओतत गेले. “यल्ला, जल्दी, सूख जाएगा!” आम्ही दोघी पळालो. आत समुद्रातल्या दगडाच्या जाड भिंतींचा गारवा होता. छताच्या तुळयांकडे बोट दाखवून ते म्हणाले, “ये भी इंडिया से जहाज में आया. फिर वापस गया ही नहीं.” आई खूप हसली. मी कमानी काढल्या, बुटका मिनार काढला आणि अंगणातून जाणारा एक गडद पट्टा. “ही कसली सावली?” टीचरने विचारलं होतं. ती सावली नव्हती, मॅम. ते पाणी होतं, माझ्यासाठी ओतलेलं.