जीव टांगणीला, पाय पेडलवर

घरात रबरबँड कुणी मुद्दाम जमवत नाही. मिठाईच्या पुड्याचा एक, कोथिंबिरीच्या जुडीचा एक, आणि एक दिवस खण उघडावा तर हा एवढा गुंता! आमच्या सायकल कट्ट्याचे किस्से तसेच साठलेत. एक ओढला की चार सोबत येतात.

कट्टा म्हणजे नारायण पेठेतली आम्ही दहा-बारा माणसं. जवळच्या कामाला गाडी काढायची नाही, सायकल काढायची, आणि दुसऱ्यालाही काढायला लावायची, एवढंच आमचं काम. प्रमुख गोडबोले काका, बँकेतून रिटायर झालेले.

आता मी त्यात कशी? माझी सई पाचवीत गेली, तिच्या बाबांनी तिला सायकल घेतली आणि तिनं जाहीर केलं, "मी शाळेत एकटी जाणार. सायकलवर!" माझं शिक्षण सातवीपर्यंत, आणि मुलगी वाद घालण्यात वकील. म्हटलं, या कट्ट्यात जावं, रस्त्यावर काय काय धोके असतात ते नीट शिकून घ्यावं, म्हणजे 'नाही' ठणकावून म्हणता येईल.

*

कट्ट्याचं उद्घाटन झालं तेव्हा प्रमुख पाहुणे मोटारीतून आले. त्यांच्यासोबत आणखी दोन मोटारी. आमचे निम्मे मेंबर स्कूटरवर, कारण सायकलीत हवा नव्हती! नारळ फुटला, भाषणं झाली, 'पेट्रोल वाचवा'च्या घोषणा झाल्या. तोवर गल्ली अशी तुंबली की सायकली बाहेर काढायला जागाच उरली नाही. फेरी रद्द!

पुढच्या रविवारी समोरच्या बिल्डिंगच्या गेटवर नवी पाटी होती. 'सायकलप्रेमींनी आपल्या मोटारी येथे लावू नयेत.'

काकांनी चष्मा वर करून ती वाचली आणि म्हणाले, "अक्षर चांगलं आहे."

*

मी माहेरी सायकल चालवलेली, पण शेतातल्या वाटेवर. तिथं समोरून फार तर म्हैस यायची, आणि म्हैस हॉर्न वाजवत नाही. पुण्यात मी काय करायचे, चौक आला की उतरायचे, सायकल हातात धरून चालत ओलांडायचे आणि पलीकडे पुन्हा बसायचे.

एकदा सासूबाईंचं औषध आणायला सदाशिव पेठेत निघाले. बसते न बसते तो पुढचा चौक! शेवटी म्हटलं, कशाला ती उठबस, आणि जाऊन-येऊन चालतच आले. घामाघूम होऊन दारात पोचले, तर गॅलरीत शेजारच्या जोशीकाकू उभ्या.

"काय गं, सायकलीला फिरवून आणलंस का?"

*

आमचं माहेरचं गाव आता महापालिकेत आलंय. शेतांत टॉवर उभे राहिले आणि घरटी एक मोठी गाडी आली. माझा धाकटा भाऊ दत्ता अशाच गाडीतून जाताना त्याला मी दिसले, हँडलला भाजीची पिशवी अडकवून निघालेली. गाडी न थांबवता तो तसाच पुढं गेला. संध्याकाळी मात्र ज्वारीचं पोतं खांद्यावर घेऊन दारात हजर!

मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "ताये, दाजींची नोकरी गेली का? सांगायचं ना मला. आपल्यात लाजायचं काय हाय?"

आमचे हे आतून ओरडले, "आहे हो, नोकरी आहे!"

"मंग ताईला सायकलवर का हिंडवताय?"

मी त्याला सगळं समजावलं. तब्येत, धूर, ट्रॅफिक, काकांचं अख्खं भाषण म्हणून दाखवलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, चहा संपवला आणि उठताना म्हणाला, "बरं बरं. पर ज्वारी राहू दे."

*

आमच्या लीलाताई सत्तरीच्या. काकांनी एकदा शिकवलं, "वळताना हात दाखवा. मागच्याला कळलं पाहिजे." लीलाताईंनी ते फारच मनावर घेतलं. त्या हात दाखवतात, मग ब्रेक लावतात, खाली उतरतात, मागं वळतात आणि सांगतात, "मी उजवीकडे जातेय हं. दळण टाकायचंय."

एकदा मागं ही रांग लागली! पहिल्या रिक्षावाल्यानं हात जोडले.

"आजी, मी सरळ जातोय. सासुरवाडीला. चालेल ना?"

"चालेल," लीलाताई म्हणाल्या. "सावकाश जा."

*

मग काकांनी शाळेसाठी मुलांची सायकल-रेलगाडी काढली. पुढं काका, मधे मुलं, शेवटी मी. सई एकटी जाणार नाही आणि माझा जीवही थाऱ्यावर राहील, म्हणून मी आनंदानं तयार झाले. नियम असा की पुढच्यानं खड्डा दिसला की "खड्डा!" ओरडायचं आणि ते शेवटपर्यंत पोचवायचं.

पहिल्याच दिवशी काकांनी गल्लीच्या तोंडापासून जी सुरुवात केली, ती थांबेचना. खड्डा! खड्डा! खड्डा! मुलांच्या अंगात संचारलं. मागून मीही बेंबीच्या देठापासून ओरडतेय!

वरच्या मजल्यावरून एक आजोबा हातात पेपर घेऊन बाहेर आले.

"अहो, खड्डा नसेल तिथं ओरडा. घसे वाचतील!"

*

रेलगाडी सुरळीत चालली आणि माझीच पंचाईत झाली. सई म्हणाली, "आता मला रस्ता येतो, सिग्नल येतो, हात दाखवता येतो. उद्या मी एकटी. तू मागं यायचं नाही. प्रॉमिस?"

मी तिच्या बाबांकडे बघितलं. बाबा तर तिच्याच पार्टीत. म्हणाले, "अगं, कधीतरी सोडायचंच आहे ना?"

"प्रॉमिस," मी म्हटलं. रात्रभर डोळ्यांसमोर टँकर!

सकाळी सई कोपऱ्यावरून वळली आणि मी जोशीकाकूंची सायकल काढली. आमच्या पुण्यातल्या पोरी गाडीवर बसताना बांधतात तसा सगळ्या तोंडाला स्कार्फ गुंडाळला, वर ह्यांचा गॉगल. सख्ख्या सासूनं ओळखलं नसतं! ती थांबली की मी थांबायचे, ती निघाली की मी निघायचे. पोरगी काय सुरेख चालवत होती! पण बस जवळून गेली की मी इकडे डोळे मिटायचे. सायकलवर!

मोठ्या चौकात सिग्नल लागला. सई ट्रॅफिक पोलिसाजवळ गेली, काहीतरी बोलली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. पोलीसमामा तडक माझ्यासमोर.

"ओ बाई, त्या मुलीच्या मागं का लागलाय? स्कार्फ काढा आधी."

मी स्कार्फ सोडला, गॉगल काढला. "अहो मामा, मी आई आहे तिची!"

मामांनी सईला हाक मारली. "बाळ, नीट बघ. ह्या तुझ्या आई का?"

सई अगदी जवळ आली. माझ्या तोंडाकडे बघितलं. खाली माझ्या पायांकडे बघितलं, तर घाईत एका पायात घरातली स्लीपर, एकात चप्पल. पुन्हा तोंडाकडे बघितलं.

"नाही मामा," ती शांतपणे म्हणाली. "माझी आई घरी आहे. तिनं प्रॉमिस केलंय, मागं येणार नाही म्हणून."

मामांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग दोन्ही बाजूंची वाहनं हात करून थांबवली. सईनं घंटी वाजवली, उजवा हात काढला आणि वळून गेली. मागं बघितलंसुद्धा नाही.

ती दिसेनाशी झाल्यावर मामांनी वाहनं सोडली आणि माझ्याकडे वळले.

"ताई, पळा लवकर! तिची आई घरी असायला पाहिजे ना!"