शपथविधीचा दिवस

माझे वडील, अण्णा, चार वेळा आमदार आणि एकदा कॅबिनेट मंत्री होते. नव्या मंत्रिमंडळाच्या शपथविधीच्या दिवशी ते सकाळपासून कडक इस्त्रीचा सदरा घालून, फोन मांडीवर घेऊन बसले होते. फोन आलाच नाही. संध्याकाळी टीव्हीवर एकेकाचं नाव पुकारलं जाऊ लागलं, तेव्हा शपथेच्या शब्दांबरोबर अण्णांचे ओठ हलताना मला दिसले. आयुष्यभर लोकांना ‘बघतो, करतो’ म्हणणारा माणूस स्वतः असा वाट बघत बसला, की घरातल्यांनी कुठे बघायचं ते कळत नाही.

आईला राहवेना. “अहो, बंद करते आता. इथून मुंबईला पोचायलाच आठ तास लागतात.”

अण्णांनी रिमोट घट्ट धरला. “थांब गं. राज्यमंत्री अजून बाकी आहेत.”