प्रस्थान ठेवलेली सायकल

“काका, एक पाय माझ्या होडीत नि एक पाय संस्थानच्या धक्क्यावर, आसा कसा चालंल? आत येताव तर या, न्हायतर माझ्या होडीतला पाय मला परत द्या! पानी उतरतंय!”

आगरदांड्याच्या धक्क्यावर हसनभाई तांडेल इतक्या मोठ्यानं ओरडत होता, की खाडीपलीकडे दिघीच्या लोकांनीसुद्धा आपापले पाय जागेवर आहेत का ते पाहून घेतलं असेल. ज्यांच्या पायांवरून हा तंटा चालला होता ते गृहस्थ म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा. डोक्यावर सोला हॅट, खाकी अर्धी विजार, पोटऱ्यांना पट्ट्या गुंडाळलेल्या आणि गळ्यात सायकलचा पंप. सायकल मात्र जवळ नाही. होडीत आत्या केव्हाच जाऊन बसली होती. तिच्या शेजारी माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप दाटीवाटीनं बसले होते. मी मुरुडच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो. धक्क्यावर काथ्याचा एक तुकडा पडला होता, त्याचं मी मान खाली घालून इतकं बारकाईनं निरीक्षण करत होतो की कुणाला वाटावं, मास्तर काथ्यावर ग्रंथ लिहिणार आहेत.

आमच्या आतोबांइतका प्रवास न जाता केलेला माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात झाला नाही, आणि जंजिरा संस्थान धरलं तरी होणार नाही. मिठाच्या सत्याग्रहानंतरची ती वर्षं. आमच्या नांदगावात सायकल म्हणजे अजून अर्धवट जनावर समजलं जाई, गुरं तिला वाट देत आणि कुत्री तिच्याशी वैर धरत. आतोबांनी ती मुंबईहून आगबोटीनं मागवली, पण स्वतः आणायला काही गेले नाहीत. “यंत्र आपण होऊन मालकाकडे आलं पाहिजे,” म्हणाले. आम्हांला ते तत्त्वज्ञान वाटलं. एक मात्र कबूल केलं पाहिजे, माणूस सायकल मारायचा असा की बघत राहावं. ओहोटीला काशीदच्या ओल्या, टणक वाळूवरून ते सुटले की समुद्रपक्षी दोन्ही बाजूंना उठत आणि मागे राहत. शपथ घेऊन सांगतो, एकदा त्यांच्या मागून निघालेला वारा त्यांच्यानंतर नांदगावात पोचला होता.

या सगळ्याचं मूळ आत्याच्या दुखण्यात होतं. आत्या विषमज्वरानं अंथरुणाला खिळली, वैद्यांनी मात्रा उगाळणं सोडून नुसतं छताकडे बघायला सुरुवात केली, तेव्हा आतोबा भर ओटीवर सगळ्यांच्या देखत उभे राहिले आणि गरजले, “हरिहरेश्वरा, हिला उठव! नांदगावापासून तुझ्या दारापर्यंत सायकल मारत येतो आणि तुझी प्रदक्षिणा करतो!” आमचे आजे-पणजे ज्या वाटेनं चालत गेले तीच ही वाट. मुरुड, आगरदांडा, मग खाडी उतरून दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन आणि शेवटी हरिहरेश्वर. एका अंगाला समुद्र, एका अंगाला डोंगर, मधे माडांची सावली नाहीतर गुडघाभर फुफाटा. देवानं नवस ऐकला, तोही जरा घाईनंच. आत्या उठली आणि आतोबा बसले.

म्हणजे बेत आखायला बसले. आत्यानं सारवलेलं अंगण वाळायच्या आत ते तांदळाच्या पिठानं त्यावर सगळी वाट काढत. डोंगर, घाट, देवळं, गोडं पाणी कुठल्या विहिरीचं आणि मचूळ कुठल्या, सगळं त्यात असे. दुपारपर्यंत कोंबड्या यायच्या. एकदा मी गेलो तर आतोबा हातात खराटा घेऊन ओरडत होते, “अगं, तिनं दिवेआगर खाल्लं! श्रीवर्धन तरी वाचव!” मी सहज म्हटलं, “आतोबा, सगळं आहे, पण यात खाडी कुठाय?” त्यांनी माझ्याकडे न बघता पायानं आगरदांडा पुसला आणि दिघीला चिकटवून पुन्हा काढला. “ती काय, ओलांडायची,” म्हणाले आणि पंप घासायला लागले.

मग घाटाची तालीम सुरू झाली. घाटात सायकलला ओझं किती जड वाटेल याचा अंदाज यावा म्हणून त्यांनी आत्याचा मसाला वाटायचा पाटा मागे बांधला आणि काशीदचा चढ चढायला निघाले. चढले खरे. उतारावर पाट्यानं त्यांच्याआधी पोचायचं ठरवलं. तो एका आगऱ्याच्या वालाच्या वाफ्यात सापडला, दोन तुकडे होऊन. त्यानंतर कितीतरी दिवस आत्या आमच्याकडे वाटण वाटायला येत होती. आई विचारायची, “वन्सं, पाटा कुठं गेला?” आत्या म्हणायची, “हरिहरेश्वराला.” तोवर तरी तिनं नवऱ्याविरुद्ध तोंडातून याहून जास्त शब्द काढलेला मी ऐकला नव्हता.

पण आतोबांची खरी करामत प्रस्थानाची. प्रवासाला मुहूर्त चांगला आहे पण त्या वेळी निघता येत नाही, अशी अडचण आली की आपल्याकडे काय करतात? तांदूळ, सुपारी, हळकुंड फडक्यात बांधून जायच्या दिशेच्या कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवतात. प्रस्थान ठेवलं की माणूस निघाला असं धरायचं. पुढे चार दिवसांत सवडीनं गेलं तरी चालतं. आतोबांनी सुपारी सायकलच्या हँडलला बांधली आणि सायकलच आमच्या पडवीत आणून ठेवली, कारण आमचं घर त्यांच्या दक्षिणेला होतं. “मी निघालो,” त्यांनी जाहीर केलं आणि जेवायला घरी गेले. मुदत संपली. ते पुन्हा पंचांग घेऊन बसले, नवा मुहूर्त काढला आणि प्रस्थान पुढे सरकवलं. मुरुडला एका स्नेह्याकडे सायकल मारत गेले, ती तिथं ठेवली आणि पायी परत आले, कारण प्रस्थानाची वस्तू माघारी आणायची नसते. त्यानंतरचा मुहूर्त निघाला तो थेट आगरदांड्याचा. सायकल हसनभाईच्या पडवीत जाळ्यांशेजारी उभी राहिली आणि आतोबा पुन्हा चालत घरी. अशा रीतीनं माणूस घरात आणि प्रवास रस्त्यात, अशी वाटणी झाली.

गावानं काय सोडलं असतं? मासळी विकायला येणारी कोळीण टोपली उतरवताना विचारी, “काका, कवा निघताव? का सायकलच एकली जानार हाय देवाला?” आतोबा हसत, पण कान लाल होत. शाळेतली पोरं मला पाहिलं की एकमेकांत कुजबुजत, “मास्तरांचे आतोबा निघाले.” वडील तर देवळात जायची वेळ बदलून बसले. आळशी म्हणून नाव पडलं असतं तर सोसलं असतं, हो! गावात आळशी खूप होते आणि मानानं राहत होते. पण देवाचा नवस तोंडानं बोलून पायानं बुडवणारा माणूस आपल्या घरात, ही गोष्ट जेवताना घशात अडकायची. आतोबांनी मधेच टूम काढली की खाडीला वळसा घालून, तळा आणि म्हसळा या गावांच्या बाजूनं डोंगर चढून जायचं. “होडीत बसणं ही सायकलीची बेइज्जती आहे,” म्हणाले. त्यावर आत्या प्रथमच म्हणाली, “आजेसासरे गेले ती वाट सोडून नवस फिटायचा नाही.” पुन्हा काही दिवस कोंबड्यांची चंगळ झाली.

आणि मग हसनभाईनं घोळ केला, तोही निव्वळ चांगुलपणानं. फाटकी जाळी तुणायला पडवी मोकळी हवी होती. त्याला प्रस्थानाचा रिवाज माहीत, पुढे सरकवायचं असतं हेही आतोबांनीच त्याला तासभर समजावलेलं. त्यानं एके दिवशी सायकल उचलून होडीत घातली आणि पलीकडे दिघीला आपल्या साडूच्या घरी नेऊन ठेवली. वर निरोप धाडला, “काका, तुमचा प्रस्थान खाडी उतारला. आता फकस्त तुमी ऱ्हायलाव.”

तो निरोप ऐकून आतोबांचा चेहरा मुळ्यासारखा पांढरा झाला. पण निघाले. आत्या निघाली, मी रजा काढून निघालो, आणि आम्ही त्या धक्क्यावर येऊन पोचलो, जिथं त्यांचा एक पाय होडीत होता.

काथ्यावरून मान वर करून मी पाहिलं. आतोबांची मूठ धक्क्याच्या, मिठानं पांढऱ्या पडलेल्या खुंटाला अशी आवळलेली की बोटं खुंटाच्याच रंगाची झाली होती. ते खाली पाण्याकडे बघत नव्हते. कुणाकडेच बघत नव्हते. मला एकदम आठवलं, हा माणूस विहिरीवर कधी वाकला नाही. पोहरा नेहमी आत्यानं काढला. काशीदच्या वाळूवर वाऱ्याला हरवणारी त्यांची सायकल फेसाच्या रेषेला कधी शिवली नाही. समुद्राकाठी जन्म काढलेला माणूस, आणि हे त्याला कुणाला सांगता आलं नव्हतं. होडीत कुणीतरी फिसकन हसलं. “काकांचा प्रस्थान मोठा जड, होडी बुडंल म्हनून थांबलेत!”

आतोबांनी पाय हळूच काढून घेतला. हॅट काढली, छातीशी धरली. मला ते बघवेना. शरम कुणाची होती, त्यांची की माझी, हे त्या क्षणी सांगता आलं नसतं. होडीतून आत्यानं हात पुढे केला आणि मला म्हणाली, “तू ये. पाणी उतरतंय.”

खाडीभर ती ताठ बसून होती, पदर डोक्यावरून ओढलेला, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मला वाटलं, नामस्मरण चाललंय. दिघीला उतरल्यावर तिनं बैलगाडी नाकारली. नवस चाकांचा आहे, म्हणाली. मग एका बाजूला मी हँडल धरून आणि दुसऱ्या बाजूला ती सीटवर हात ठेवून, गाय घरी न्यावी तशी आम्ही ती सायकल मुक्काम करत हरिहरेश्वराला नेली. वाटेत लोक विचारत, “बाई, पंक्चर का?” आत्या म्हणे, “नाही, मालक मागे आहेत.” प्रदक्षिणेच्या खडकांवर सायकल जाईना, तेव्हा तिनं मला तिची घंटा काढायला लावली. ओहोटी पाहून, ती घंटा मुठीत धरून, लाटांच्या तुषारात भिजत आत्यानं प्रदक्षिणा केली. प्रत्येक वळणावर एकदा वाजवली. देव सायकलीला वाट देत असेल तर त्या दिवशी दिली असेल.

परत आलो तर आतोबा आगरदांड्यालाच. एकदा खरोखर निघालेल्या माणसानं अर्ध्यातून घरी फिरायचं नसतं, म्हणून हसनभाईच्या पडवीत राहिले होते, तसेच पट्ट्याबिट्ट्या बांधून. हसनभाई मला बाजूला घेऊन म्हणाला, “मास्तर, रोज होडी यायच्या टायमाला धक्क्यावर येत व्हते. पन पाठ करून उभे. मी वरडायचो, काका, आज न्हाय आल्या. तसेच परत जायाचे.” या वेळी तो हळू बोलत होता. आत्यानं प्रसाद आणि घंटा आतोबांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती हँडलला बसवली. बसवायला इतका वेळ लावला की जणू तिला शंभर स्क्रू होते. घरापर्यंत सायकलवर बसले नाहीत, हातानं ढकलत नेली. कोळणीनं विचारलं, “झाली का काका जात्रा?” आतोबा थांबले. “सायकलची झाली,” म्हणाले. तिनं टोपली उचलून डोक्यावर घेतली.

त्यानंतर बेत आखणं बंद झालं. पण एका सकाळी मी गेलो तर अंगणात पुन्हा तांदळाच्या पिठाची वाट काढलेली. या वेळी आगरदांडा आणि दिघी लांब लांब होते आणि मधे आतोबांनी खाडी काढली होती. सगळं अंगण ओलांडून ती तुळशीवृंदावनापर्यंत गेली होती. पिठानं हात भरलेले, ते तिच्या काठावर उकिडवे बसले होते. आत्या पायरीवर बसून नव्या पाट्याला लावलेली टाकी बोटं फिरवून पाहत होती.

“एवढी रुंद होती का गं?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“कुणास ठाऊक,” आत्या म्हणाली. “मी डोळे मिटून बसले होते.”