चावीच्या वहीतली सही

कमलाकांत विजयकर परळच्या एका रोगणाच्या कारखान्यात बावीस वर्षं हेडक्लार्क होते. चोपन्न साली शेटनी त्यांना मॅनेजर केलं. कायद्याप्रमाणे एका जबाबदार माणसाचं नाव सरकारला कळवावं लागे, ते शेटना स्वतःचं नको होतं. रोगण कसं कढतं हे कमलाकांतांना ठाऊक नव्हतं. अक्षर मात्र छापल्यासारखं होतं. फाटकावर त्यांच्या नावाची पाटी लागली, त्या दिवशी फणसवाडीतल्या घरी त्यांच्या पत्नी वासंतीबाईंनी गोड सारणाच्या शिंगड्या करून शेजारीपाजारी वाटल्या.

छप्पनच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि रस्त्यावर गोळीबार सुरू झाला. शेटचा फोन आला.

"मागचं दार लावून घ्या. एक माणूस मोर्च्याला जाता कामा नये."

शेट हुकूम फोनवरच देत, कागदावर कधीच नाही. कमलाकांतांच्या सांगण्यावरून पहारेकरी रघूने कुलूप घातलं आणि चावी वर कचेरीत आणून दिली. चावी ज्याच्या हाती जाई त्याने वहीत सही करायची, हा तिथला रिवाज. कमलाकांतांनी वेळ लिहिली, सही केली, खाली हुद्दाही घातला.

दीड तासाने कढई पेटली. पुढची वाट धुराने बंद झाली. कमलाकांत चावी घेऊन बाहेरच्या जिन्याने धावले, पण घाईत चावी कुलपात जाईना. दार आतून धडधडत होतं. मग एकाच जागी धडधडू लागलं, खाली, उंबऱ्याजवळ. दार उघडलं तेव्हा बाकीचे खोकत बाहेर आले. कढईवर काम करणारा तुळशीदास तिथंच पडला होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

पोलिसांनी रघूला धरलं. शेटचे वकील कमलाकांतांना म्हणाले, "तुम्ही साक्षीदार. रघूने आपल्या मर्जीने कुलूप लावलं, चावी त्याच्याच कनवटीला होती. एवढंच सांगायचं. वही तर जळलीच."

वही जळली नव्हती, कमलाकांतांच्या घरी होती, देव्हाऱ्याखालच्या कपाटात. त्या दिवशी चावीबरोबर ती काखेत आली होती.

त्यांना जेवण जाईना. जिन्यावर कुणी चढलं की ते कपाटाकडे बघत.

"अहो, जाळून टाका ती," वासंतीबाई म्हणाल्या. "बंब पेटलाय."

"जाळतो."

"गेले चार दिवस जाळताय."

भोईवाड्याच्या कोर्टात रघू बाकावर बसला होता. शेजारी हवालदार. कमलाकांत दिसताच तो सवयीने उठला.

"साहेब, मजा बघा. पाटीवर नाव तुमचं, वॉरंटावर माझं."

तो हसला. कमलाकांतांनी कापडी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती.

पिंजऱ्यात रघूच्या वकिलांनी त्यांना विचारलं, मॅनेजर व्हायला तुमची लायकी कोणती?

"अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. मागे कुणी तरी हसलं.

"कुलूप लावल्यावर चावी कुणाकडे होती?"

शेटचे वकील चष्मा पुसत होते. कमलाकांतांनी पिशवीची गाठ सोडायला घेतली. ती सुटेना, तेव्हा दातांनी सोडली.

"माझ्याकडे," ते म्हणाले आणि वही पुढे केली.

रघू सुटला. कमलाकांत साक्षीदाराचे आरोपी झाले. तीन महिन्यांची कैद झाली. फोनचा हुकूम कुठंच लिहिलेला नव्हता. शेटचं नाव निकालात आलं नाही.

सुटल्यावर ते एकदाच परळला गेले. पाटीवर नवं नाव होतं, कुणा शशिकांत राणे यांचं. आत काम चालू होतं, रोगणाचा वास गल्लीत येत होता. ते वळसा घालून मागे गेले. दाराला कुलूप नव्हतं. बाहेरून कडी घातलेली होती.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कडी काढली आणि कुणी हाक मारायच्या आत झपाझप चालू लागले.