पाच पूल आणि एक शिकाऊ आजोबा

टक, टक, टक, टक. मग घाईघाईने टकटकटकटकटक. आमचे मराठीचे मास्तर वर्गात मंदाक्रांता शिकवताना टेबलावर लाकडी पट्टी अशी आपटत. चार गुरू, मग पाच लघू. साठ वर्षं झाली त्याला. मास्तर गेले, पट्टीही कुठल्याशा बंबात गेली असेल, पण तो आवाज माझ्या कानातून काही निघालेला नाही. तंजावरच्या या प्रवासात त्याने माझा घात केला, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

झालं असं, की माझ्या गाडी चालवण्याच्या परवान्याची मुदत सहा वर्षांपूर्वीच संपली होती आणि मला पत्ताच नव्हता. कचेरीतले साहेब म्हणाले, "आजोबा, आता पुन्हा शिकाऊपासून." बहात्तराव्या वर्षी मी आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या मागेपुढे लाल रंगातला एल चिकटवला. आमच्या हिला, म्हणजे कुसुमला, हे निमित्तच मिळालं. तिने सरळ जाहीर केलं, "गाडी विकायची. तुम्ही सिग्नलला कविता म्हणत बसता."

मी गयावया केली, तेव्हा तिने एक अट घातली. तिच्या मावशीला तंजावरी दिलं होतं. त्या मावशीची मुलगी वेणूताई अडुसष्टाव्या वर्षीही तिथे मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवते. "वेणूताई हो म्हणाली तर गाडी राहील. नाही म्हणाली तर रविवारी अकराला गिऱ्हाईक येतंय."

बरोबर नात होती, सई. वय सतरा, मुक्काम ऑकलंड, सुट्टीपुरती वाईला आलेली. वाईहून पुणे, पुण्याहून चेन्नई, तिथून तंजावरची गाडी. ज्येष्ठांनी खालचा बर्थ आधीच धरावा, मी धरला नाही आणि रात्रभर शिडीशी झटलो. स्टेशनबाहेर ऑटोवाल्याने अडीचशे मागितले. सईने नुसतं हसून पाहिलं, तो दीडशेवर आला.

वेणूताई फाटकातच उभ्या होत्या. जरीकाठाची सुती साडी, केसांत मोगरा, गळ्यात शिट्टी.

"यावें, यावें भावोजी! हात पाय धुवून घ्या, कॉफी तयार आहे. ही सई कां? अय्यो, किती उंच वाढली ही पोर!"

त्यांच्या तोंडचं जुन्या वळणाचं तंजावरी मराठी ऐकताना मला आजीच्या माजघरात बसल्यासारखं वाटलं, फक्त त्या माजघरात कुणीतरी सांबार फोडणीला टाकलं होतं.

जेवायला भात, वांग्यांची चिंचेतली रसवांगी आणि डांगर पच्चडी होती. ही पच्चडी म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. मी तीनदा घेतली. जेवताना बोलणं परवान्यावर आलं. सईकडे तिकडचा मधला परवाना आहे. तिकडे म्हणे एकदम परवाना देतच नाहीत, पायरी पायरीने देतात. आधी शिकाऊ. मग मधला, त्यात रात्री दहा ते पहाटे पाच गाडी काढायची नाही आणि शेजारी पुरा परवानेवाला नसेल तर कुणाला गाडीत घ्यायचं नाही. मग कुठे पुरा. टोरोंटोतल्या तिच्या मैत्रिणीला तर पहिल्या पायरीवर मोठ्या हायवेचीही बंदी.

"रात्रीं नको, माणसें नकोत, हायवे नको," वेणूताई म्हणाल्या. "हें वाहन की उपास?"

"पण अपघात कमी होतात, आजी," सई म्हणाली. "इथे काय, एकदा आठचा आकडा काढून दाखवला की झालं?"

"सरकारास आठ पुरे. मला नव्हें. माझे पाच पूल आहेत."

तंजावरहून तिरुवैयारूला जाताना पाच नद्या लागतात: वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी. वेणूताईंचा शिष्य पहिल्या दिवशी दोनच पूल ओलांडतो. हात बसला की पुढचे. कावेरीच्या पलीकडे त्यांना घेऊन जो न घाबरता, न घाबरवता पोचेल, तोच पास. आजवर कुणालाही त्यांनी एकही पूल माफ केलेला नाही, स्वतःच्या मुलालाही नाही. तो वेट्टारूवर पंधरा दिवस अडकला होता.

मी हिशोब केला. मी शिकाऊ, सई मधली. दोघं मिळून एक पुरा ड्रायव्हर होत नाही. दोन अर्ध्या पोळ्यांची एक पोळी होते, परवान्याचं तसं नाही. शिवाय अठरा पूर्ण नसल्याने ती इथे चाकाला हातही लावू शकत नव्हती. मग ती मागे बसून मला शिकवायला मोकळी!

पहिल्या सकाळी सहाला निघालो. शाळेच्या गाडीला वेणूताईंच्या पायाशी जादा ब्रेक होता. दोन्ही बाजूंना भातखाचरं, मध्ये सायकली, बकऱ्या आणि रस्ता स्वतःच्या नावावर असल्यासारखे टाउन बसवाले. दोन पूल पार पडले, पण गाडी विचित्र चालली. हत्तीसारखी डुलत जायची, मग एकदम उधळायची, मग गचकन थांबायची.

"भावोजी, इंजिनात पिशाच्च आहे कां?"

"आजोबा तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणतायत," मागून सई म्हणाली. "आणि त्याच्यावर ब्रेक मारतायत."

पकडला गेलो. गिअर लक्षात राहावा म्हणून मी मंदाक्रांतेत ओळ रचली होती. वेणूताईंनी ती मोठ्याने म्हणायला लावली.

"पायाखाली, क्लच हळु दबे, हात शोधी पहीला."

चार गुरूंना गाडी रेंगाळत होती, पाच लघूंना पळत होती आणि प्रत्येक यतीला, म्हणजे ओळीतल्या थांब्याला, माझा पाय आपोआप ब्रेकवर जात होता. साठ वर्षांची सवय! यतीला थांबलो नाही तर मास्तर पट्टी हातावर मारायचे.

वेणूताई पदराबरोबर शिट्टीही तोंडाशी धरून इतक्या हसल्या की ती आपोआप वाजली. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "उद्यां वृत्त नाहीं. मुकाट चालवावें."

दुपारी मोठ्या देवळात गेलो. तुम्ही मात्र सकाळी किंवा संध्याकाळी जा. दुपारच्या दगडावर अनवाणी चालताना मला नाचता येतं हे सईला कळलं. भिंतीवर इथल्या मराठी राजांनी लांबच लांब मराठी लेख कोरवला आहे. वेणूताईंना देवनागरी वाचता येत नाही, त्या तमिळ वाचतात. मी बोट ठेवून वाचत गेलो, त्या मान डोलावत ऐकत राहिल्या. "लहानपणापासून ह्या भिंतीजवळून जातें. आज बोलली ती," म्हणाल्या. त्यावर मी हळूच विचारलं, एखादा पूल माफ? "छे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मुकाट चार पूल. एकही धक्का नाही. वेणूताईंनी वाटेत टपरीवर वडा आणि कॉफी स्वतः मागवली. मला वाटलं, गाडी वाचली.

तिसऱ्या दिवशी कावेरी. पूल सुरू झाला आणि डावीकडे ते पाणी दिसलं. ऊन नुकतं वर आलेलं, घाटाच्या पायरीवर कुणी गळा साफ करून सूर लावत होतं. मी शपथेवर सांगतो, ओठ हलले नाहीत. ओळ आतल्या आतच आली. चार गुरू आले, आणि पाय ब्रेकवर गेला.

पुलाच्या ऐन मध्यावर गाडी उभी. मागे टाउन बस, तिच्यामागे ट्रॅक्टर, त्यामागे अवघं तिरुवैयारू. कंडक्टर दारातून ओरडला, "पेरियवरे! पो, पो!" म्हातारबुवा, चला, चला! सई सीटखाली लपली.

वेणूताईंनी काच खाली करून त्याला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. तो दोन्ही हात जोडून आत गेला.

"काय सांगितलंत?"

"म्हटलें, ह्यांस पद्य झालें आहे. आतां बरें होतील."

निकाल त्यांनी सांगितला नाही. स्टेशनवर पच्चडीच्या पिठाची पुडी हातात देऊन म्हणाल्या, "कुसुमेस मी सांगीन."

वाईला परत आलो. काय राहिलं म्हणाल, तर ती भिंत वाचताना शेजारी डोलणारी मान राहिली, कावेरीवरचं ऊन राहिलं. जाणार असाल तर तीन दिवस काढा आणि तिरुवैयारूला शहाण्यासारखे टाउन बसने जा. निकाल विचारला की कुसुम मात्र "रविवारी बघू" एवढंच म्हणायची. रविवारी सकाळी मी गाडी धुतली, आतून पुसली, टपावर हात ठेवून उगाच उभा राहिलो.

साडेदहाला बेल वाजली. गिऱ्हाईक लवकर आलं, असं म्हणत दार उघडलं. दारात वेणूताई! हातात पिशवी, गळ्यात शिट्टी.

"बाजूस व्हा, भावोजी. दोन रात्री रेलगाडींत बसून आलें. कुसुम कोठें?"

"आत. पण माझा निकाल?"

"तो फोनवर कळवला तिला. तुम्ही नापास."

"म्हणजे गाडी गेली."

"गाडी कां जाईल? ती चांगली आहे."

एवढ्यात कुसुम बाहेर आली. पायात सईचे कॅनव्हासचे बूट, हातात गुरुवारी मिळालेला स्वतःच्या नावाचा शिकाऊ परवाना.

"गिऱ्हाइकाला कालच नको म्हणून कळवलंय," ती म्हणाली आणि खिळ्यावरची किल्ली काढली. "तुम्ही मागे बसा."